तिसरा 'खट' : नाशकात टॉर्क कन्व्हर्टर बदलला त्याची गोष्ट

गाडी चालू होऊन चार महिने झाले, तरी मुद्दाम थांबलो होतो, म्हटलं आधी जरा पळू दे, कसारा घाट दोन-चार वेळा चढू दे, मग लिहू. आता लिहितो. मोठं होईल, पण ज्यांच्याकडे ऑटोमॅटिक गाडी आहे आणि कन्व्हर्टर बदलायची वेळ आलीय त्यांनी निदान ते मापाचं तरी वाचा.

गाडी डिझेल एसयूव्ही, सहा गिअरची ऑटोमॅटिक, सेकंडहँड घेतलेली. हे सगळं झालं तेव्हा मीटरवर १ लाख ४२ हजार होते. ऑटोमॅटिक हौस म्हणून घेतली नव्हती, माझ्या डाव्या गुडघ्याचं लिगामेंटचं ऑपरेशन झालंय, क्लच दाबून मुंबईला जाऊन आलो की दोन दिवस गुडघा सुजून बसतो, आणि आईला दर दीड महिन्याला मुंबईला दाखवायला न्यावंच लागतं. त्यामुळे ही गाडी बंद पडली की आमच्या घरातलं सगळंच अडतं.

सुरुवात थंडीत झाली. घोटीच्या पुढे सत्तरच्या स्पीडला, पाय अगदी हलका ठेवलेला, आणि गाडी अशी थरथरली की रस्त्यावरच्या त्या बारीक रंबलर पट्ट्यांवरून चाललोय असं वाटलं. मी आरशात मागे बघितलं तर रस्ता साफ. दोन सेकंद थरथर, मग बंद, परत थोडं पुढे गेलं की थरथर. आरपीएमचा काटा पण जागच्या जागी फडफडत होता. जोरात पाय दिला की गायब. आई म्हणाली टायरमध्ये काहीतरी आहे रे, मला पण तसंच वाटलं, बॅलन्सिंग करून घेतलं, काही फरक नाही.

सोसायटीतल्या एकाने सांगितलं अ‍ॅक्च्युएटर गेला असेल, त्याच्या गाडीत तोच गेला होता. पण त्याची एएमटी आहे. एएमटी म्हणजे आतून साधा क्लच आणि साधा गिअरबॉक्सच, फक्त क्लच दाबायचं आणि गिअर टाकायचं काम मशीन करतं, त्यात टॉर्क कन्व्हर्टर नसतोच. सगळ्यालाच आपण ऑटोमॅटिक म्हणतो त्यामुळे हा घोळ होतो, आपल्या गाडीत नक्की काय आहे ते आधी माहीत करून घ्या, नाहीतर भलत्याच पार्टवर पैसे जातात.

कन्व्हर्टर म्हणजे काय ते मला जसं समजलं तसं सांगतो. इंजिन आणि गिअरबॉक्सच्या मध्ये एक बंद डबा, वेल्ड केलेला, ऑईलने भरलेला. आत दोन पंखे समोरासमोर. एक डब्याच्या कवचालाच जोडलेला, तो इंजिनबरोबर फिरतो आणि ऑईल फेकतो, दुसरा त्या ऑईलच्या माऱ्याने फिरतो आणि गिअरबॉक्सचा शाफ्ट फिरवतो. या दोघांच्या मध्ये तिसरा छोटा पंखा, स्टेटर. आमच्या दिंडोरीच्या मळ्यात वडील पाटाचं पाणी वळवायला मध्ये फळी उभी करायचे, स्टेटरचं काम तसलंच, दुसऱ्या पंख्यातून उलट्या दिशेने परत येणारं ऑईल तो वळवून पहिल्याला सुलट ढकलतो, त्यामुळे गाडी जागेवरून उचलताना इंजिनचा जोर साधारण दुप्पट होऊन मिळतो. फॉटिंगर नावाच्या जर्मन इंजिनिअरने १९०५ मध्ये हे पेटंट घेतलं ते जहाजांसाठी, गाडीत यायला पुढे खूप वर्षं गेली. आणि ऑईलमधून जोर जातो म्हणजे थोडं घसरणं आलंच, त्यात डिझेल वाया जातं, ऑईल तापतं, म्हणून स्पीड जमला की आत एक क्लच असतो तो डब्याच्या कवचाला चिकटतो आणि इंजिन थेट गिअरबॉक्सला जोडलं जातं. याला लॉकअप म्हणतात. माझी थरथर ही या लॉकअपची होती.

ऑईल बदललं की जाते असं चार जणांनी सांगितलं, आणि ते खोटं नाही, कधीकधी जाते पण. लॉकअपचा क्लच ऑईलमध्येच असतो, ऑईल जुनं झालं की तो नीट धरत नाही, धर-सोड धर-सोड करतो. पण बूच उघडून सगळं ऑईल निघत नाही हे लक्षात घ्या. आमच्या बॉक्समध्ये साधारण साडेनऊ लिटर बसतं आणि खाली येतं जेमतेम चार, बाकीचं कन्व्हर्टरच्या पोटात, कूलरमध्ये, पाईपात. मी दोन वेळा बदललं, तीन आठवडे बरं वाटलं आणि एप्रिलमध्ये मुंबईहून परत येताना कसारा घाटात चेक लाईट लागला. स्कॅनरवर पी०७४१, म्हणजे लॉकअप जसा धरायला हवा तसा धरत नाहीये.

मग मी जिथे ऑईल बदललं होतं तिथेच गाडी टाकली. गॅरेजचं नाव लिहीत नाही, मुद्दा नावाचा नाहीये. नव्या कन्व्हर्टरचा भाव ऐकून माझे डोळे पांढरे झाले होते, गॅरेजवाला म्हणाला मुंबईच्या स्क्रॅप बाजारातून सेम टू सेम मागवतो, २४ हजारात काम होईल. चार दिवसात पार्ट आला. मी शनिवारी सुट्टी म्हणून बघायला गेलो. दोन्ही कन्व्हर्टर शेजारी शेजारी ठेवलेले, सहा बोल्टची जागा तीच, गोलाई तीच, हब म्हणजे गिअरबॉक्सकडची मधली नळी पण तीच. मला पण सेमच वाटला.

आता जे लिहितोय ते लिहिताना अजून जीव तुटतो. मी अंबडला एमआयडीसीत क्वालिटीला आहे, रोज हातात व्हर्निअर, म्हणजे मिमीचा बारीक भाग मोजायचं माप असतं, अर्धा मिमी जास्त असलेला पार्ट मी परत पाठवतो. आणि त्या दिवशी माझ्या डोळ्यासमोर गिअरबॉक्स जॅकवर चढवला, इंजिनला लावला, आणि इंजिनचा ब्लॉक आणि बेलहाऊसिंगच्या (गिअरबॉक्सचं घंटेसारखं पुढचं तोंड, त्यात कन्व्हर्टर बसतो) मध्ये पाच-सहा मिमीची फट राहिली, आतला उजेड दिसत होता. मिस्त्री म्हणाला, "बोल्ट आवळले की येईल जागेवर." आणि त्याने समोरासमोरचे बोल्ट थोडे थोडे आवळत ती फट बंद केली. मला आतून कसंतरीच वाटलं, दोन मशीन केलेले फेस हाताने टेकत नसतील तर मध्ये काहीतरी अडलंय हे मला कळायला हवं होतं, कळलं पण होतं, पण मी बोललो नाही. गॅरेजमध्ये आपण गिऱ्हाईक असतो, समोरच्याला तीस वर्षांचा अनुभव असतो, तोंड उघडत नाही.

स्टार्ट केली. आधी किर्रर्र असा बारीक आवाज, कुकरच्या शिट्टीआधी येतो तसा, मग डीमध्ये टाकली, काही नाही. आरमध्ये, काही नाही. ऑईल कमी असेल म्हणून अजून लिटरभर ओतलं. एक मिनिट गेलं असेल, आतून कडकड झाली आणि मिस्त्रीने चावी बंद केली.

दोन दिवस तिथे "बघतो, उद्या उघडतो" चाललं. तिसऱ्या दिवशी मी गाडी टोचन लावून वडाळा नाक्याच्या बाजूला एका चाचांकडे नेली. कंपनीतल्या एका ड्रायव्हरने सांगितलं होतं की ते फक्त ऑटोमॅटिक गिअरबॉक्स उघडतात, दुसरं कामच घेत नाहीत. छोटं शेड, पण आत बघितलं तर एका टेबलावर पांढरा कपडा अंथरलेला आणि त्यावर व्हॉल्व्ह बॉडीचे, म्हणजे गिअरबॉक्समधलं ऑईल इकडे-तिकडे वळवणाऱ्या भागाचे, पार्ट ओळीने मांडलेले, आणि त्या कपड्यावर कोणी हात ठेवला की चाचा ओरडायचे. मला तिथेच बरं वाटलं.

चाचांनी मला पहिला प्रश्न विचारला, "जुना कन्व्हर्टर कुठंय?"

मी म्हटलं तिकडेच राहिला.

"आधी तो घेऊन या. गाडी मी नंतर उघडतो."

मी रिक्षाने परत गेलो. जुना कन्व्हर्टर मागच्या बाजूला ताडपत्रीखाली पडलेला, भंगारवाला संध्याकाळी येणार होता. गोणीत घालून आणला, पंधरा किलो तरी असेल, रिक्षाभर ऑईल सांडलं, रिक्षावाल्याला सीट धुवायचे वेगळे पैसे दिले. पण तो पार्ट आणला म्हणून पुढचं सगळं जमलं. कुठल्याही गॅरेजमध्ये जुना पार्ट आपल्या ताब्यात घेतल्याशिवाय निघू नका, भंगारच आहे म्हणाले तरी.

गिअरबॉक्स खाली उतरला आणि चाचांनी पुढचा पंप काढून माझ्या हातात दिला. पंपाच्या आतल्या गिअरला दोन टोकं असतात, ती कन्व्हर्टरच्या हबवरच्या दोन खाचांत बसतात, आणि इंजिन फिरलं की हब त्या गिअरला फिरवतो, तेव्हा सगळ्या बॉक्सला ऑईलचं प्रेशर मिळतं. त्यातलं एक टोक तुटून गेलेलं, दुसरं वाकलेलं, गिअरला मधून तडा, आणि हबवर काळे-निळे चट्टे. म्हणजे हबच्या खाचा टोकांत बसल्याच नव्हत्या, हब टोकांच्या डोक्यावर टेकून उभा होता, आणि वरून बोल्ट आवळून त्याला दाबलं. ती सहा मिमीची फट म्हणजे नेमकं हेच होतं.

मग चाचांनी दोन्ही कन्व्हर्टर शेजारी ठेवले आणि मला दाखवलं की बाजारातून आलेला मुळात आमचा नव्हताच. तो त्याच मॉडेलच्या पेट्रोल गाडीचा होता. बाहेरून फरक नाही, बोल्टची जागा तीच, इंजिनकडचा मधला उंचवटा, म्हणजे पायलट, पण तीच, आतले दाते त्यांनी खडूने खूण करून मोजले ते पण तेवढेच. फरक आत. डिझेल इंजिन खालच्या आरपीएमलाच पूर्ण जोर देतं, पेट्रोलला वर जावं लागतं, म्हणून पेट्रोलच्या कन्व्हर्टरमधले पंखे असे असतात की इंजिन आधी वर चढतं आणि मग गाडी ओढतं. तो डिझेलला लावला की इंजिन नुसतं वर जातं, गाडी मागून येते, आणि मधला सगळा जोर ऑईल तापवण्यात जातो. घाटात तर विचारूच नका. शिवाय लॉकअपच्या स्प्रिंगा वेगळ्या, डिझेलचे हादरे मोठे असतात ते त्या स्प्रिंगांनी खायचे असतात. म्हणजे तो नीट बसवला असता तरी सहा महिन्यात मी परत तिथेच उभा असतो. चाचांचं म्हणणं सरळ होतं, चेहरा बघून सोयरीक करायची नाही. गिअरबॉक्सच्या प्लेटवरचा नंबर, गाडीचा चासी नंबर आणि कन्व्हर्टरवर ठोकलेली खूण, तिन्ही पार्टच्या कॅटलॉगला लावून बघायचं, आणि त्यानंतर हबची जाडी, हबची लांबी, दाते, पायलट, बोल्टचं सर्कल आणि पूर्ण उंची हे हाताने मोजायचं. एवढं जुळलं तर पैसे द्यायचे.

ठरलं असं की आमचाच जुना कन्व्हर्टर पुण्याला रिबिल्डला पाठवायचा. तिथे लेथवर वेल्ड कापून डबा उघडतात, धुतात, लॉकअपला नवीन लायनिंग चिकटवतात, बेअरिंग बदलतात, स्टेटर एकाच बाजूला फिरतो ना ते बघतात, परत वेल्ड करून हबचा रनआऊट (फिरताना किती डगमगतो ते), लीक आणि बॅलन्स चेक करतात. सात दिवस लागले. आमच्या जुन्या लायनिंगचा फोटो त्यांनी पाठवला, एका बाजूला पार जळून काच झालेली.

त्या सात दिवसात चाचांनी जे केलं ते पहिल्या ठिकाणी कोणी बोललं पण नव्हतं. पंप नवीन, बुश नवीन, पुढचं ऑईल सील नवीन, व्हॉल्व्ह बॉडी उघडून साफ, फिल्टर नवीन. आणि ऑईल कूलर. पंप फुटला तेव्हा लोखंडाचा चुरा ऑईलबरोबर कूलरपर्यंत गेलेला होता, कूलर नुसता फुंकून लावला असता तर नव्या कन्व्हर्टरमध्ये पहिल्याच दिवशी तो चुरा गेला असता. त्यांनी आमच्या समोर फ्लश केला, पांढऱ्या फडक्यातून गाळून बघितलं, तिसऱ्या वेळी पण फडक्यावर चकाकी दिसली तेव्हा म्हणाले हा कूलर नको, आणि बदलायला लावला. पैसे वाढले, पण मी काही बोललो नाही, यावेळी न बोलणं बरोबर होतं. फ्लेक्सप्लेट, म्हणजे इंजिनच्या क्रँकवरची पातळ चकती जिला कन्व्हर्टर बोल्टने लागतो, ती पण काढून क्रँकच्या बोल्टभोवती तडे बघितले, पेन्सिलच्या रेघेसारखा एखादा तडा असतो तो पटकन दिसत नाही, आमची सुदैवाने चांगली होती. इंजिन आणि गिअरबॉक्स सरळ रेषेत धरणाऱ्या डॉवेल पिना दोन्ही जागेवर आहेत ते बघितलं.

बसवायच्या दिवशी मी रजा टाकली आणि चाचांनी सांगितलं म्हणून माझा व्हर्निअर घेऊन गेलो.

गिअरबॉक्स त्यांनी शेपटीवर उभा केला, बेलहाऊसिंगचं तोंड वर. कन्व्हर्टरमध्ये हबमधून साधारण एक लिटर एटीएफ, म्हणजे ऑटोमॅटिक गिअरबॉक्सचं ऑईल, ओतलं, कंपनीने सांगितलेलंच, पहिल्या स्टार्टला पंपाने कोरडं फिरू नये म्हणून. सीलच्या ओठाला आणि हबला तेच ऑईल बोटाने लावलं. मग कन्व्हर्टर दोन्ही हातांनी धरून सरळ खाली सोडला आणि हळूहळू डावी-उजवीकडे फिरवायला लागले, दाबायचं अजिबात नाही, त्याच्या वजनानेच उतरू द्यायचं.

खट. एक दाते बसले.

परत फिरवला. खट. दुसरे दाते.

आता बघितलं तर मला वाटलं बसला. दिसायला अगदी बसलेलाच दिसतो. चाचा म्हणाले, "पोरं इथंच फसतात. दोन आवाज ऐकले की खूश होतात." ते कन्व्हर्टर फिरवत राहिले, मिनिटभर तरी गेलं असेल, शेडमध्ये पंखा पण बंद केला होता आवाज ऐकायला, आणि मग आला तिसरा, खट, हा जरा जड आवाज होता, आणि कन्व्हर्टर माझ्या डोळ्यासमोर बोटाच्या नखाएवढा खाली उतरला. हबच्या खाचा पंपाच्या टोकांत बसल्या. एवढंसं उतरणं. एवढ्यासाठी माझा पंप फुटला होता.

तरी चाचा नुसत्या आवाजावर थांबले नाहीत. बेलहाऊसिंगच्या काठावर स्टीलची पट्टी आडवी ठेवली, मी व्हर्निअरच्या शेपटीने पट्टीपासून कन्व्हर्टरच्या बोल्टच्या पॅडपर्यंत खोली मोजली, तीन ठिकाणी, पट्टीची जाडी वजा करून साडेसतरा मिमी. मग इंजिनकडे ब्लॉकच्या फेसपासून फ्लेक्सप्लेट किती बाहेर आलीय ते मोजलं, साडेचौदा. म्हणजे जोडल्यावर मध्ये तीन मिमी मोकळं राहणार. ही मापं आमच्या गाडीची आहेत, तुमच्या गाडीची मॅन्युअलमध्ये बघा, पण हिशोब हाच, कन्व्हर्टर फ्लेक्सप्लेटपासून थोडा मागे राहिला पाहिजे. वजाबाकी शून्य आली किंवा उलटी आली तर तो आत बसलेला नाही, बोल्टला हात लावायचा नाही.

उचलताना कन्व्हर्टर पुढे सरकू नये म्हणून बेलहाऊसिंगवर एक लोखंडी पट्टी बोल्टने आडवी बांधली, अगदी शेवटच्या क्षणी काढली. बॉक्स जॅकवर वर गेला, डॉवेल पिनांवर आला, आणि चाचांनी आणि त्यांच्या पोऱ्याने नुसत्या हाताने ढकलला तर सगळीकडून फेसला फेस टेकला. मी टॉर्च मारून खालून-वरून बघितलं, कुठेच उजेड नाही. तेव्हा पाने हातात घेतले. स्टार्टरच्या भोकातून कन्व्हर्टर बोटाने फिरवून बघितला, मोकळा फिरतोय, मग तो तीन मिमी पुढे ओढून सहाही बोल्ट आधी हाताने लावले आणि क्रँक फिरवत फिरवत एकेक टॉर्क रेंचने. बोल्ट जुनेच, त्याच लांबीचे. एक बोल्ट आटे गेलेला होता तर पोऱ्याने डब्यातून दुसरा दिला, चाचांनी तो जुन्याशेजारी धरला, चार-पाच मिमी लांब निघाला, फेकून दिला. लांब बोल्ट कन्व्हर्टरच्या कवचाला आतून टेंगूळ आणतो आणि नेमकं तिथेच आत लॉकअप घासतो.

ऑईलची लेव्हल आमच्यात डिपस्टिकने नाही, स्कॅनरवर ऑईलचं तापमान बघत, इंजिन चालू ठेवून, पी पासून डी पर्यंत प्रत्येक गिअरमध्ये थोडं थांबून, मग लेव्हलचं बूच उघडायचं आणि बारीक धार थेंबावर आली की बंद. गिअर शिकायची सेटिंग स्कॅनरने पुसून नव्याने. स्टॉल टेस्ट त्यांनी एकदाच केली, ब्रेक पूर्ण दाबून पाय पूर्ण दिला, पाच सेकंदांच्या आत सोडला, इंजिन किती आरपीएमपर्यंत चढतं तो आकडा मॅन्युअलमधल्याच्या जवळ आला.

सगळं मिळून ७१ हजार गेले, पहिल्या ठिकाणचे १५ हजार अ‍ॅडव्हान्स दिलेले ते वेगळे, ते अजून परत मिळाले नाहीत, मी मागतोय.

त्यानंतर आईला घेऊन तीनदा मुंबई झाली. घोटीच्या पुढे सत्तरला पाय हलका ठेवून मी मुद्दाम बघतो, काटा जागेवर शांत. १ हजार किमी झाल्यावर चाचांनी ऑईल परत उतरवलं आणि पॅनमधलं मॅग्नेट मला बोलावून दाखवलं. बोट फिरवलं तर नुसती राखाडी मऊ पेस्ट आली, बोटाला टोचणारा एकही कण नव्हता. चाचांनी ते मॅग्नेट फडक्याने पुसलं, परत पॅनमध्ये ठेवलं आणि नवीन गॅस्केट मागितलं.